सरांची पडणारी बहीण

“माझ्या दादाने आजवर माझ्याशिवाय कुणालाही पाडलेलं नाही, आणि मलाही त्याने पाडलेलं नाही,” असं आत्या एकदा म्हणाली होती. फाटलेल्या गाद्यांना चिकटपट्टी लावता लावता म्हणाली, दातांनी पट्टी तोडली आणि पुढच्या भेगेकडे वळली. ऐकायला दोन-तीन मुली होत्या. त्या हसल्या. आत्या गंमत करतेय असं त्यांना वाटलं. आत्या गंमत करत नसे. तिला ते जमतच नसे.

सगळे तिला आत्याच म्हणत. खरी आत्या ती एकीचीच, सरांच्या मुलीची. पण त्या मुलीने लहानपणी क्लासमध्ये हाक मारायला सुरुवात केली आणि पुढे मुलींच्या पिढ्यांनी तीच उचलली. क्लास टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होता. जिना चढताना रबराचा वास यायचा, आत गेलं की घामाचा. एका भिंतीला लांबलचक आरसा, त्याला खालच्या कोपऱ्यातून वर चढत गेलेला तडा. दुसऱ्या भिंतीवर सरांचा फोटो. फोटोत सर हवेत होते, एक पाय समोर ताणलेला, चेहऱ्यावर जगाचा कंटाळा. ती उडी स्टुलावरून मारली होती. फोटोग्राफरने फोटोतलं स्टूल नंतर कापून टाकलं. खरं स्टूल अजून मागच्या खोलीत होतं आणि आत्या त्यावर बसून जेवायची. मागची खोली हेच तिचं घर. एक खाट, एक शेगडी, धुऊन वाळत घातलेले पांढरे पोशाख. सर आणि वहिनी दोन गल्ल्या पलीकडे राहत. तिथेही तिला मज्जाव नव्हता, फक्त तिथे तिचं काही नव्हतं.

ही गोष्ट सुरू झाली ती आत्या दोन वेण्या घालायची तेव्हा. दादा सुट्टीत कुठल्याशा स्वसंरक्षणाच्या शिबिराला जाऊन आला. कमरेला पट्टा आला आणि त्या पट्ट्याबरोबर आवाजही बदलून आला. शिकून आलेले डाव दाखवायचे तर पाडायला माणूस हवा. मित्रांना बोलावलं, तर मित्र पडेनात. एकाने उलट दादालाच उचलून खाली ठेवला, तोही हसत हसत, पोत्यासारखा. मग घरात उरली बहीण.

“मी हात फिरवला की तू पड,” दादा म्हणाला.

“पण तू ढकलतच नाहीस.”

“ढकलायचं नसतंच त्यात. शास्त्र आहे ते. तू पड.”

ती पडली. पहिल्यांदा कोपर सोलवटलं, दुसऱ्यांदा जीभ चावली गेली. पुढे तिचं तिनेच शोधून काढलं. हनुवटी छातीला टेकवायची, पाठ गोल करायची, आणि अंग जमिनीला लागायच्या आत हाताचा पंजा गादीवर सपाटून आपटायचा. पंजाचा आवाज मोठा होतो. बघणाऱ्याला वाटतं, माणूस मोडला. दादा हात फिरवायचा, अंगठ्याने तिच्या हातावर किंचित दाबायचा, आणि त्या दाबासरशी ती स्वतःच्या पायांनी स्वतःला उडवून द्यायची. बाकीचं काम दादाचा चेहरा करायचा.

तिला ते आवडायचं, हेही सांगायला हवं. हवेत असताना ती क्षणभर कुणाचीच नसायची, बहीण नाही, कुणी नाही. खाली आली की टाळ्या पडायच्या. त्या दादासाठी असायच्या. ती उठून झगा नीट करताना त्यातल्या थोड्या चोरून घ्यायची. मग तिला स्वतःचीच शिसारी यायची, आणि पुढच्या वेळी ती आणखी सुंदर पडायची.

दादाचे सर झाले ते असे. त्यांनी स्वतःचा डाव काढला. नाव ठेवलं, मनगट-मुक्ती. कुणी मनगट धरलं की अंगठ्याच्या बाजूला हात वळवायचा, कंबर फिरवायची, झटका द्यायचा. पकड सुटते, धरणारा आपल्याच जोराने जाऊन आपटतो. “ताकद लागत नाही,” सर सांगत. “दहा वर्षांची पोरगीसुद्धा पैलवानाला लोळवील.” पैलवान कधी आला नाही. आत्या यायची, सरांचं मनगट धरायची आणि लोळायची.

मग मुलींच्या बॅचेस सुरू झाल्या. वर्तमानपत्रात वाईट बातमी आली की दुसऱ्या दिवशी जिन्यावर आयांची गर्दी व्हायची. मुलींचे हात धरून त्या उभ्या राहायच्या, आणि सर त्यांच्याशी असं बोलायचे जसं काही ती बातमी सरांच्याच सोयीसाठी छापली होती.

क्लासमध्ये शिस्त होती. मुलींनी जोडीने उभं राहायचं. एकीने मनगट धरायचं, दुसरीने झटका द्यायचा, आणि झटका मिळाला की धरणारीने सोडायचं, जमल्यास पडायचं. झटक्यानंतरही धरून ठेवणं म्हणजे उद्धटपणा. ही शिस्त कुणी लिहून लावली नव्हती. सरावाने ती बोटांत उतरायची. मुली जितक्या जुन्या, तितकी त्यांची बोटं लवकर उघडायची. जुन्या मुलींना बढती मिळायची, पट्ट्याचा रंग बदलायचा. आरशात रांगच्या रांग एकमेकींच्या हातून सुटत असायची आणि प्रत्येकीला वाटायचं, आपण सुटलो.

एकदा लाँड्रीवाल्याची मुलगी आली. ओल्या चादरी पिळून पिळून तिचे हात दोरासारखे झाले होते. तिने जोडीदारणीचं मनगट धरलं. जोडीदारणीने वळवलं, झटका दिला. काही झालं नाही. पुन्हा दिला. लाँड्रीवाल्याची मुलगी शांतपणे धरून उभी.

“हे काय चाललंय?” सर आले.

“धरलंय, सर.”

“तिने झटका दिला ना?”

“दिला की.”

“मग सोडत का नाहीस?”

“सुटतच नाहीये तिला, तर मी काय करू?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांच्या कपाळाची शीर वर आली. “आगाऊपणा आहे हा. दंड काढ. मी थांब म्हणेपर्यंत.” तिने काढले. सर थांब म्हणायचं विसरले, ती स्वतःच थांबली, चपला घातल्या आणि गेली. पुन्हा आली नाही. “अशा मुलींना काही शिकवता येत नाही,” सर उरलेल्यांना म्हणाले. ते खरंच होतं. तिला येत नव्हतं असं त्यांच्यापाशी काही नव्हतं. आत्या कोपऱ्यात गाद्यांची चळत लावत राहिली. आपल्या गप्प बसण्याचाही तिला राग यायचा. पण राग ही तिच्याकडे सवयीची गोष्ट होती, जुन्या दुखऱ्या गुडघ्यासारखी. त्यासाठी कुणी चालायचं थांबत नाही.

सरांच्या मुलीला सगळे काडी म्हणत. अंगाने काडीच होती. दहावीत होती, बापाचे सगळे डाव तिला पाठ. ती क्लासमधली सगळ्यात लवकर सुटणारी मुलगी होती, कारण सरांच्या लेकीचं मनगट घट्ट धरायची कुणाची शामत?

संध्याकाळी ती शिकवणीहून परत येत होती. शिकवणीच्या इमारतीचा जिना अंधारा नव्हता, निर्मनुष्यही नव्हता. एक नेहमीचा जिना. खालच्या मजल्यावरचा एक तरणाबांड माणूस तिथे रोज मोबाइल बघत उभा असायचा. त्या दिवशी त्याने तिचं मनगट धरलं. काडीने अंगठ्याच्या बाजूला हात वळवला, कंबर फिरवली, झटका दिला. मनगट जागच्या जागी राहिलं. तो आधी चकित झाला, मग हसला. “हे काय, नाच का?” म्हणाला. तिने पुन्हा झटका दिला. त्याने पकड आवळली. तिने तिसऱ्यांदा दिला, देतच राहिली. ओरडली नाही, चावली नाही, पायावर पाय दिला नाही. पकड सुटायची वाट बघत पवित्र्यात उभी राहिली, गादीवर उभी असावी तशी. वरच्या मजल्यावरची बाई कचऱ्याचा डबा घेऊन खाली आली म्हणून त्याने सोडलं. डावाचा त्यात काही संबंध नव्हता.

घरी आली तेव्हा मनगट सुजून जांभळं झालं होतं. वहिनींच्या हातून बर्फाचा ट्रे निसटला. आत्या धुतलेले पोशाख द्यायला आली होती, ती दारातच थांबली. सरांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले, आणि पहिला प्रश्न विचारला.

“अंगठ्याच्या बाजूला वळवलंस का?”

“हो, बाबा.”

“नक्की? करंगळीच्या बाजूला नाही ना?”

“नाही.”

“कंबर?”

“फिरवली.”

“मग पाय चुकला असेल.”

“अहो, आधी बर्फ तरी लावू दे तिला,” वहिनी म्हणाल्या. “आणि त्या मेल्याकडे कोण जाणार आहे? पाय चुकला म्हणे.”

“जाऊ ना. पण आधी चूक कळली पाहिजे. नाहीतर पुन्हा तेच होईल.” सर उठले, पायाने टीपॉय बाजूला सारला. “आत्याने धरावं. तू करून दाखव.”

“वन्सं, तुम्ही तरी सांगा ना यांना काही,” वहिनी आत्याकडे वळल्या.

आत्याने काडीचं दुसरं, धडकं मनगट धरलं. सांगायला हवं ते हातानेच सांगावं, असं काहीतरी तिच्या मनात होतं. घट्ट धरायचं. पोरीला कळू दे, दादालाही कळू दे. काडीने हात वळवला, कंबर फिरवली, डोळ्यांतून पाणी गळत असताना झटका दिला, आणि आत्याची बोटं उघडली. तिने उघडली नाहीत. ती उघडली. इतक्या वर्षांची सवय मनाला विचारत बसत नाही.

“बघितलंस?” सर म्हणाले. त्यांचा आवाज खरंच मायेचा झाला होता, आणि तेच सगळ्यात ओंगळ होतं. “सुटतं. नीट केलं की सुटतं. घाबरलीस तू. हरकत नाही, घाबरतं माणूस.”

काडीने आत्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या सुजलेल्या मनगटाकडे. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बसलं. ते पुढे उठलं नाही. दोष कुणाचा हे तिला कळलं होतं. त्या माणसाचा नाही, डावाचा नाही. आपल्याच हाताचा.

त्या माणसाकडे शेवटी वहिनी एकट्या गेल्या. तो घर सोडून गेला होता, की आत दडून बसला होता, कुणास ठाऊक. दार उघडलं गेलं नाही. सर गेले नाहीत. त्यांना कार्यक्रमाची तयारी होती.

काडी लांब बाह्यांचे कपडे घालायला लागली, उकाड्यातही. शिकवणीला आईबरोबर जायची, आईबरोबर यायची. क्लासला येईना. आत्या तिला गाठायला गेली. पोरगी पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती.

“काडे, ऐक. तो डाव खोटा आहे.”

“असू दे.”

“असू दे काय? खोटा आहे म्हणतेय मी. त्याने कधीच कुणाचा हात सुटलेला नाही.”

“त्या दिवशी तुझ्या हातून सुटला.”

“मी सोडलं म्हणून सुटला.”

“मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस.” काडीने मान वळवली. “खोटा असता तर तू इतकी वर्षं पडली नसतीस. उगाच कोण पडतं, आत्या?”

आत्याजवळ उत्तर होतं. पण ते एका वाक्यात मावणारं नव्हतं. मावलं असतं तरी या खोलीत ते कुणी खरं मानलं नसतं. तोंडाने सांगितलेल्या गोष्टीला काय किंमत होती? तिच्या पाठीने, तिच्या पंजाच्या आवाजाने वर्षानुवर्षं नेमकं उलटं सांगितलं होतं, आणि ते या पोरीने पाळण्यात असल्यापासून ऐकलं होतं. आत्या उठली. जाताना पंखा एक नंबरने वाढवला, कारण पोरगी त्या बाह्यांत घामाघूम झाली होती.

कार्यक्रम मुलींच्या कॉलेजच्या सभागृहात होता. शहरातल्या सगळ्या शाळांत मनगट-मुक्ती शिकवायची असं ठरत होतं, आणि ठरवणारे पुढच्या रांगेत पाण्याच्या बाटल्या घेऊन बसले होते. अध्यक्ष गाद्यांचे व्यापारी होते. रंगमंचावरच्या कोऱ्या करकरीत गाद्या त्यांनीच दिल्या होत्या, प्रत्येक गादीवर दुकानाचं नाव वरच्या बाजूला येईल अशी काळजी घेऊन. ते बराच वेळ बोलले. मुलींनी कणखर व्हावं, म्हणाले. मुलगी कणखर झाली की सगळे प्रश्न सुटतात, म्हणाले. मुलगे काय झाले की काय सुटतं, याबद्दल त्यांना काही सुचलं नव्हतं. मग प्राचार्याबाई बोलल्या, ज्यांनी कॉलेजच्या जिन्यातले बंद दिवे वर्षभर बदलले नव्हते. सभागृह मुलींनी गच्च भरलं होतं. हजेरी सक्तीची होती.

काडी पहिल्या रांगेत टोकाला बसली होती, आईशेजारी. तिला सरांनीच आणलं होतं. “बघितलं की धीर येईल,” म्हणाले होते. बाह्यांची बटणं मनगटाशी घट्ट लावलेली होती.

पडद्याआड आत्या पोशाखाचा पट्टा बांधत होती.

“आज जरा उंच जा,” सर म्हणाले. कॉलरला लावायचा छोटा माइक त्यांनी मागून घेतला होता, तो ते पुन्हा पुन्हा चाचपत होते. “नव्या गाद्या आहेत, लागणार नाही. आणि पंजा जोरात.”

“काडी पुढे बसलीय.”

“बसू दे ना. तिच्यासाठीच करतोय मी हे सगळं.”

आत्याने भावाकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. कधी काळी तो खोटं बोलला असेल तर त्याला आता ते आठवत नव्हतं. पडता पडता आपणच याला इतका मोठा केला, असं तिच्या मनात आलं. आपली पाठ वजा केली तर या माणसात उरतं काय? एक पट्टा. एक आवाज. आणि ते स्टूल.

दोघं रंगमंचावर आले. टाळ्या झाल्या. सर गादीच्या मध्ये उभे राहिले, श्वास घेतला. तो श्वासही माइकमधून सभागृहभर फिरला.

“समजा, हा गुंड आहे,” ते आत्याकडे बोट दाखवून म्हणाले. मुली हसल्या. पन्नाशीला आलेला, केस पांढरे झालेला, चष्मा काढून ठेवल्यामुळे डोळे बारीक केलेला गुंड. “आणि समजा, मी एक मुलगी आहे.” मुली जास्त हसल्या. “ह्याने माझं मनगट धरलं.”

आत्याने धरलं. नेहमीच्या उजव्या हाताने. बोटांवर तिचा विश्वास नव्हता. त्या दिवशी बैठकीच्या खोलीत तीच फितूर झाली होती. म्हणून आज तिने त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं आणि एकाच गोष्टीचा विचार केला: ओल्या चादरी. मोठ्या, जड, पिळायच्या चादरी.

“आता अंगठ्याच्या बाजूला,” सर म्हणाले. हात वळवला. कंबर फिरवली. झटका दिला.

काही झालं नाही.

सर हसले. “पुन्हा एकदा, सावकाश दाखवतो.” पुन्हा वळवलं, पुन्हा झटका. अंगठ्याने तिच्या हातावर दाबलं, ती जुनी, दोघांचीच खूण. आत्याच्या पोटऱ्या आपोआप ताठल्या, टाचा उचलल्या गेल्या. शरीर हवेत जायला निघालंच होतं. तिने टाचा खाली टेकल्या. चादर. पिळायची.

“अगं, सोड,” सर ओठ न हलवता पुटपुटले.

“अगं, सोड,” दोन्ही बाजूंचे मोठे स्पीकर म्हणाले.

अध्यक्षांनी बाटलीचं झाकण फिरवायचं थांबवलं. सरांना आपल्या आवाजाचं काय झालं ते कळलं नव्हतं. ते फक्त भेदरले होते, आणि भेदरलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. डाव पुन्हा केला. आणि पुन्हा. पवित्र्यात उभे राहून, सुटायची वाट बघत.

“सोड म्हणतो ना. वेड लागलंय का. लोक बघतायत, सोड,” स्पीकर म्हणाले. त्यांच्या आवाजात रडू होतं.

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग कुणीतरी त्या हसणारीला गप्प केलं. आत्याने पहिल्या रांगेकडे पाहिलं. चष्म्याविना तिला चेहरा दिसत नव्हता, एक बारीक आकृती दिसत होती, काडीएवढी. ती आकृती उभी राहिली. वहिनींनी तिला खाली ओढलं नाही.

“बाबा,” काडी म्हणाली. मोठ्याने नाही, घरात विचारावं तसं. “अंगठ्याच्या बाजूला वळवलंत का?”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. या वेळी स्पीकरमधून काहीच आलं नाही.

काडीने उजव्या बाहीचं बटण काढलं. मग डाव्या बाहीचं. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि पुन्हा खाली बसली, हात समोर मांडीवर ठेवून, उघडे. मनगटावरचा डाग आता पिवळा पडत चालला होता.

तेव्हा आत्याने हात उघडला. एकेक बोट, तिने स्वतः. सरांच्या मनगटावर पाच पांढरे ठसे उमटले होते, ते हळूहळू लाल होत गेले. सर दोन पावलं मागे गेले, तोल सावरला नाही, आणि अध्यक्षांच्या दुकानाच्या नावावर बसले. पंजाचा आवाज वगैरे काही झाला नाही.

प्राचार्याबाई माइककडे धावल्या. कुणीतरी पडदा पाडायला सांगत होतं, पडदा अर्ध्यावर अडकला. “अगं, थांब,” सर गादीवरून म्हणाले, आणि स्पीकरही म्हणाले. आत्याने कमरेचा पट्टा सोडला, घडी घालून त्यांच्या शेजारी ठेवला. खाटेवरची चादर, शेगडी, वाळत घातलेले पोशाख हे सगळं मागच्या खोलीत होतं, आणि खोलीची किल्ली पट्ट्याच्या घडीवर होती. रंगमंचाच्या पायऱ्यांशी तिच्या चपला होत्या. ती वाकली, चाचपून डावी-उजवी ओळखली, पायात घातल्या, आणि बघणाऱ्या मुलींच्या दोन रांगांमधून दाराकडे निघून गेली.